एकुलत्या प्रतीचें दैव : अजिंठ्याचा मेजर गिल आणि वऱ्हाडांतील चित्रशाला

१. प्रस्ताव

आमच्या हाताखालीं पूर्वीं संस्कृत शिकलेल्या एका विद्यार्थ्यानें गेल्या विजयादशमीस अमरावतींत आपल्या राहत्या घराची रस्त्याकडील खोली रिकामी करून तींत एक लहानशी चित्रशाला उघडली. त्या प्रसंगीं चार शब्द बोलण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या चार शब्दांचा विस्तार म्हणजे प्रस्तुत लेख होय. चित्रकलेंत आमचा अधिकार नाहीं. परंतु जुनीं पानें, जुने लेख व त्यांच्या प्रती यांच्याशीं आमचा चाळीस वर्षांचा संबंध आहे, आणि त्या संबंधामुळेंच सुचलेला एक विचार या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

हा विद्यार्थी पेशानें चित्रकार आहे. लहान शहरांतील चित्रकाराचा दिवस कसा जातो हें त्याच्याकडे पाहून आम्हांस कळलें. सकाळीं एका शाळेंत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवावयाची. दुपारीं कोणाच्या दिवंगत वडिलांची, कोणाच्या आजीची तसबीर जुन्या फोटोवरून मोठी करावयाची. श्रावण लागला कीं मूर्तिकारांकडे जाऊन गणपतीच्या डोळ्यांची आखणी करावयाची. दुकानांच्या पाट्या रंगविण्याचें काम पूर्वीं बरें मिळे. छापील फ्लेक्स आल्यापासून तें बहुतेक संपलें. स्वतःचें म्हणावें असें काम रात्रीं जेवणानंतर. त्यांत बरींचशीं चित्रें अजिंठ्याच्या चित्रांवरून केलेलीं आहेत, व कांहीं लोणारच्या देवळांचीं, तेथें बसून काढलेलीं.

खोली तयार झाल्यावर त्यानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, मुंबई-पुणें सोडून येथें चित्रें पाहायला येणार कोण? आणि कोणी येणारच नसेल, तर मीं टांगूं तरी काय?"

प्रश्न साधा आहे, परंतु तो केवळ चित्रकाराचा नाहीं. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आपणां सर्वांचा तोच प्रश्न आहे. मोठ्या शहरांत मोठीं संग्रहालयें असतां लहान गांवांत संग्रह कशासाठीं ठेवावा? आमचें उत्तर असें कीं, संग्रहाचें पहिलें काम राखण्याचें आहे. दाखविणें त्यामागून येतें. आणि एकाच जागीं, एकाच प्रतींत राखलेली वस्तु राखलेली म्हणतां येत नाहीं. या उत्तरास आधार म्हणून आमच्या शेजारींच घडलेला एक इतिहास पुढें दिला आहे.

२. विदर्भाची जुनी चित्रशाला

चित्रशाला ही विदर्भास नवी नाहीं. कालिदासाच्या मालविकाग्निमित्राची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. तिचें दर्शन विदिशेच्या राजास प्रथम होतें तें प्रत्यक्ष नव्हे, तर चित्रांत. राणी चित्रशालेंत बसून आचार्यानें नुकतेंच काढलेलें चित्र पाहत असते, रंगहि पुरते वाळलेले नसतात. राजा तेथें येतो, आणि राणीच्या परिवारांत रंगविलेली ही अनोळखी मुलगी कोण असें विचारतो. नाटकाचें सारें कथानक त्या एका प्रश्नावर उभें आहे. भवभूतीनें आपले पूर्वज विदर्भांतील पद्मपुराचे असें स्वतःच सांगितलें आहे. त्याच्या उत्तररामचरिताचा पहिला अंक तर चित्रदर्शनाचाच आहे. रामचरित्र भिंतीवर रंगविलेलें पाहतां पाहतां सीतेला व रामाला गेलेले दिवस पुन्हां भोगल्यासारखे वाटतात. चित्र हें गेलेल्या काळाचें राखण आहे, ही कल्पना आमच्या कवींना चांगली अवगत होती.

कवींची साक्ष बाजूस ठेवली तरी शिलालेखाची साक्ष उरते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखावरून तें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें करविलें हें निश्चित आहे. हरिषेणाचा काळ इसवी सनाच्या पांचव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम. १९९८ सालीं स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यांतच होतें. तेव्हां अजिंठ्याचीं सर्वांत नांवाजलेलीं चित्रें ज्या राज्यांत निघालीं त्याची गादी आमच्या वऱ्हाडांत होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. सोळाव्या लेण्यांतील लेख फार झिजला असून त्यांतील राजांचीं नांवें लावण्यांत पूर्वींच्या विद्वानांची गफलत झाली होती. वाशीम येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्याच्या साह्यानें या शाखेची वंशावळ नीट लावली. डोंगरांतील दगडानें गमावलेलें नांव गांवांतील तांब्यानें परत दिलें. एकच वंश दोन ठिकाणीं लिहिलेला होता म्हणूनच हें शक्य झालें. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचनाचें बीज त्यांत आहे.

३. गिलचा अजिंठ्यांतील संसार

इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्यांत जॉन स्मिथ नांवाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानें वाघूर नदीच्या खोऱ्यांत आला असतां त्यास हीं लेणीं दिसलीं. दहाव्या लेण्यांतील एका खांबावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेवली. पुढें १८३९ मध्यें जेम्स फर्ग्युसन यानें लेणीं पाहिलीं, आणि १८४३ मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें निबंध वाचून, चित्रें झपाट्यानें नष्ट होत आहेत, त्यांच्या नकला करून ठेवाव्या, असा आग्रह धरला. त्यास अनुसरून १८४४ मध्यें कंपनी सरकारनें मद्रासच्या फौजेंतील कॅप्टन रॉबर्ट गिल याची या कामावर नेमणूक केली. गिलचा जन्म १८०४ चा. म्हणजे वयाच्या चाळिशींत त्यानें हें काम पत्करलें.

त्यावेळीं अजिंठा व वऱ्हाड हे दोन्ही मुलूख निजामाच्या राज्यांत होते. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला तो १८५३ च्या तहानें. अजिंठा गांव घाटमाथ्यावर, तटबंदीच्या आंत, फर्दापूर घाटाखालीं, आणि लेणीं त्यांच्या दरम्यान डोंगराच्या कुशींत. गिल अजिंठा गांवांतील बारादरींत राहूं लागला. तीच त्याचें घर, तीच त्याची कर्मशाला.

त्याच्या नित्याच्या दिवसाची कल्पना करण्यास फार कल्पकता लागत नाहीं. ती जागा पाहिली कीं पुरें. लेण्यांची दरी घोड्याच्या नालाच्या आकाराची आहे. त्यामुळें लेण्यांचीं तोंडें निरनिराळ्या दिशांस आहेत, व प्रत्येकांत उजेड शिरण्याची वेळहि निराळी आहे. आंतल्या भिंतीपर्यंत तो उजेड अंधुकच पोंचतो. चित्रकारानें घाट उतरून यावें, ज्या लेण्यांत उजेड असेल तेथें काम करावें, उजेड सरला कीं थांबावें, आणि पुन्हां घाट चढून गांव गांठावें. कापड, तेल, रंग हें सर्व दुरून यावयाचें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोंचला तो १८६७ सालीं. गिलचें मुख्य काम त्यापूर्वींचें, बैलगाडीच्या काळांतलें. दरींत वाघ, उन्हाळ्यांत तापलेला खडक, पावसाळ्यांत ओथंबलेल्या भिंती व ताप. नोकरी दोन-चार वर्षांची ठरावयाची, ती आयुष्यभराची झाली.

या काळांत गिलनें मोठ्या कापडांवर तैलरंगांत सुमारें तीस नकला केल्या. त्या मूळ चित्रांच्या मापाशीं जुळतील अशा मोठ्या होत्या. जसजशीं चित्रें पुरीं होत तसतशीं तीं लंडनास पाठविलीं जात. बारादरींत चित्रशाला झाली नाहीं, मुंबईंतहि झाली नाहीं. अजिंठ्याच्या चित्रांची पहिली चित्रशाला सात समुद्रांपलीकडे उघडली. लंडनजवळ सिडनॅम येथें १८५४ मध्यें उभारलेल्या क्रिस्टल पॅलेस या कांचेच्या भव्य वास्तूंत पुढें हीं चित्रें लोकांस पाहण्यासाठीं मांडलीं गेलीं.

गिलच्या खासगी जीवनाविषयीं, विशेषतः पारो या स्त्रीविषयीं, आमच्याकडे पुष्कळ आख्यायिका आहेत. कवि ना. धों. महानोर यांनीं त्यावर 'अजिंठा' हें दीर्घकाव्य लिहिलें, व त्यावर चित्रपटहि निघाला. इतिहासास जें ठाऊक आहे तें थोडें आहे. अजिंठा गांवांत एक थडगें आहे. त्यावरील लेखांत पारोचें नांव, तिच्याविषयींचा गिलचा स्नेह व २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख एवढेंच आहे. दगड जेवढें सांगतो तेवढें आम्हीं सांगितलें. त्यापुढील प्रांत कवींचा आहे.

४. दोन आगी

सन १८६६ च्या डिसेंबरच्या ३० तारखेस क्रिस्टल पॅलेसच्या उत्तरेकडील भागास आग लागली. तींत गिलच्या वीस वर्षांच्या मेहनतीचा बहुतेक भाग जळून गेला. हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं चित्रें वाचलीं. तीं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. बाकीचीं केवळ यादींत उरलीं.

येथें वाचक विचारतील कीं, त्या जळालेल्या चित्रांचें आज कांहींच कळत नाहीं काय? थोडें कळतें, आणि तें कसें कळतें हें पाहण्यासारखें आहे. मिसेस स्पीअर यांच्या प्राचीन हिंदुस्थानावरील १८५६ सालच्या पुस्तकांत गिलच्या कांहीं चित्रांवरून केलेलीं लहान काष्ठचित्रें छापलेलीं आहेत. मूळ रंगाचें ऐश्वर्य त्यांत नाहीं. केवळ रेघा आहेत. तरी आज त्या रेघाच प्रमाण होऊन बसल्या आहेत. कोणी विशेष दूरदृष्टीनें त्या काढविल्या होत्या असेंहि नाहीं; पुस्तक सजविण्यासाठीं काढल्या, आणि प्रत म्हणून उपयोगी पडल्या.

दुसरें साधन गिलच्याच हातचें. चित्रें करीत असतांना त्यानें छायाचित्रणाची नवी विद्या आत्मसात केली होती. त्या काळीं कांचेवर रसायनाचा ओला थर देऊन, तो वाळण्यापूर्वींच चित्र घ्यावें लागे व लागलीच अंधारांत धुवावें लागे. घाटांतल्या उन्हांत हें करणें म्हणजे स्वयंपाकघर पाठीवर घेऊन हिंडण्यासारखें. त्याचीं छायाचित्रें फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ मध्यें दोन पुस्तकांच्या रूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांतील एक लेण्यांवर आहे. दुसऱ्यांत पश्चिम हिंदुस्थानांतील वास्तु व निसर्ग यांचीं शंभर जोडछायाचित्रें आहेत. हीं पुस्तकें अनेक घरीं, अनेक ग्रंथालयांत गेलीं. म्हणून आग लागली तरी हीं नष्ट झालीं नाहींत.

आमच्या वऱ्हाडाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, गिलचा कॅमेरा अजिंठ्यावरच थांबला नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या देवालयांचीं त्यानें घेतलेलीं छायाचित्रें आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. दैत्यसूदनाचें देऊळ आज ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं तें छायाचित्र पाहावें. दीडशें वर्षांपूर्वींचा दगड व आजचा दगड शेजारीं ठेवतां येतो. आमच्या विद्यार्थ्यानें लोणारास बसून काढलेलीं चित्रें याच परंपरेचीं आहेत, हें त्यास आम्हीं सांगितलें तेव्हां तो कांहीं वेळ गप्प बसला.

आगीच्या वेळीं गिल बासष्ट वर्षांचा होता. त्यानें पुन्हां कुंचला हातीं धरला व काम नव्यानें आरंभिलें. परंतु गेलेलीं वीस वर्षें कोणाच्यानें परत आणवतील? १८७२ च्या हिंवाळ्यापासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या विद्यार्थ्यांसह तेथें येऊं लागले व त्यांनीं नकलांचें काम पहिल्यापासून सुरू केलें. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढें नांवारूपास आलेले एतद्देशीय चित्रकार होते. गिल १८७९ च्या एप्रिलांत आजारी अवस्थेंत वारला. त्याचें थडगें भुसावळास आहे. अकोल्याहून मुंबईस जाणारे आम्ही सर्व त्या गांवावरून जातों, आणि बहुतेकांना तें ठाऊक नसतें.

ग्रिफिथ्सच्या नकलांचें काय झालें? त्याहि लंडनास, साउथ केन्सिंग्टन येथें गेल्या; आणि १२ जून १८८५ रोजीं तेथेंहि आग लागून त्यांपैकीं पुष्कळ जळाल्या. एका अनुभवानें मनुष्य शहाणा होतो असें म्हणतात. संस्था होतातच असें नाहीं. उरलेल्या चित्रांवरून ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्यें छापला गेला, व आज आपणांस ग्रिफिथ्सचें काम मुख्यतः ज्ञात आहे तें त्या छापील प्रतींमुळें.

कोणी म्हणेल कीं, हीं चित्रें अजिंठ्यांतच राहिलीं असतीं तर वाचलीं असतीं. आम्ही असें म्हणत नाहीं. बारादरींत वाळवी होती, ओल होती, गिलच्या पश्चात् त्यांची निगा राखणारें कोणी नव्हतें. खुद्द लेण्यांतील मूळ चित्रें तरी कोठें सुखरूप राहिलीं? पाहुण्यांनीं त्यांचे तुकडे उपटून नेले, आणि नकला करणाऱ्यांनींच रंग उठून दिसावेत म्हणून वर वार्निस चढविलें, तें पुढें पिवळें पडलें. दूर पाठविलें म्हणून चित्रें जळालीं असें नव्हे. जेवढीं होतीं तेवढीं सर्व एकाच छपराखालीं गेलीं, व मागें कांहीं उरलें नाहीं, म्हणून तीं नाहींशीं झालीं. एक संच लंडनास व एक मुंबईस असता, तर दैवाला दोन ठिकाणीं आग लावावी लागली असती.

५. ग्रंथ कसे वांचतात

आतां याच्या उलट उदाहरण पाहूं, आणि तेंहि अमरावती जिल्ह्यांतलेंच. मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें थोर स्थान. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास म्हाइंभटांनीं त्यांच्या लीळा ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या होत्या त्यांच्याकडून जमवून लिहिल्या; तो लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. संप्रदायाची परंपरा अशी कीं, पुढें मुसलमानी स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ प्रत नष्ट झाली. परंतु ग्रंथ मेला नाहीं. हिराइसा आदि ज्या मंडळींच्या तो कंठांत होता, त्यांच्याकडून तो पुन्हां लिहून घेतला गेला. म्हणूनच आज त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. हरि नारायण नेने व वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनीं त्या पाठांतून मार्ग काढीत ग्रंथ छापून काढला, व यवतमाळच्या शारदाश्रमासारख्या संस्थांनीं अशा पोथ्या गोळा करण्यांत मोठा भाग घेतला.

पाठभेदांचा आपण संशोधक नेहमीं कंटाळा करितों. परंतु पाठभेद आहेत याचा अर्थ प्रती अनेक होत्या, आणि प्रती अनेक होत्या म्हणूनच ग्रंथ आहे. महाभारताची चिकित्सित आवृत्ति पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ मध्यें पुरी केली. काश्मिरापासून मलबारापर्यंतच्या हस्तलिखितांचा त्यासाठीं संवाद घेतला गेला. एका प्रतीला वाळवीनें खाल्लेलें दुसरीनें सांगितलें, एका लेखकाची चूक दुसऱ्यानें उघड केली. ग्रंथाच्या बाबतींत आमच्या पूर्वजांना जें सहज सुचलें, कीं लिहावें, लिहवून घ्यावें, दान द्यावें, तें चित्राच्या बाबतींत सुचलें नाहीं. कारण चित्राची नक्कल करणें कठीण व महाग. आज छायाचित्रणानें ती अडचण उरलेली नाहीं. तरी आमची संवय मात्र जुनीच राहिली आहे.

६. औंधचा दाखला

लहान गांवांत चित्रशाला चालते काय, या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे आतां वळूं. यास उत्तम दाखला सातारा जिल्ह्यांतील औंधचा आहे. औंध हें अवघें बहात्तर गांवांचें संस्थान. तेथील अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते होते. सहा दशकांचा त्यांचा चित्राभ्यास हौशी राजाचा नव्हता. १९१६ मध्यें त्यांचें चित्ररामायण प्रसिद्ध झालें. वेरूळ व अजिंठा या दोन्ही ठिकाणांवर त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, जे स्वतः मूळचे निष्णात चित्रकार, त्यांना १९१८ मध्यें त्यांनीं औंधास आश्रय दिला.

आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट अशी. महाभारताच्या ज्या चिकित्सित आवृत्तीचा वर उल्लेख केला, तिचा आरंभच बाळासाहेबांच्या वचनानें झाला. जुलै १९१८ मध्यें भांडारकर मंदिराच्या पहिल्या वार्षिकोत्सवाच्या अध्यक्षस्थानावरून त्यांनीं या कामासाठीं एक लक्ष रुपये देण्याचें जाहीर केलें, व आवृत्तीसाठीं स्वतः चित्रेंहि काढलीं. पोथी व चित्र या दोहोंची राखण एकाच माणसाच्या मनांत एकत्र आली, असें उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

१९३८ मध्यें यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उघडलें. राजा रविवर्मा, धुरंधर आदि चित्रकारांचीं चित्रें, पहाडी शैलीच्या चित्रमाला, हस्तलिखितें, आणि इंग्लंडचा शिल्पकार हेन्री मूर याचें एक पाषाणशिल्प असा तेथील संग्रह. रेल्वेपासून दूर, बाजारपेठ नसलेलें हें गांव. राजधानी म्हणावी तर संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य गेलें, चित्रशाला राहिली. सरकारच्या देखरेखीखालीं ती आजहि चालू आहे. तेथें कोण येणार हा प्रश्न बाळासाहेबांनाहि पडला असेल. डोंगर चढून देवीला येणारा माणूस येईल, आणि येतां-जातां चित्रेंहि पाहील, हें त्याचें साधें उत्तर होतें. अमरावतींत अंबादेवीला येणारांची वाण कोठें आहे?

७. आमचा स्वतःचा अपराध

दुसऱ्यांच्या आगींविषयीं लिहितांना स्वतःच्या घरचें लपविणें बरें नव्हे. आमच्या घरीं भागवताच्या दशम स्कंधाची एक सचित्र पोथी होती. आमच्या आजोबांच्या हातची पुठ्ठ्याची बांधणी तिला होती. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका प्रदर्शनासाठीं कोणी मागितली, तेव्हां चांगल्या कामास द्यावी म्हणून आम्हीं ती दिली. पावती घेतली नाहीं. पत्रसंख्या मोजून लिहून ठेवली नाहीं. एकाहि पानाचें छायाचित्र काढलें नाहीं. ती पोथी परत आली नाहीं. कोणाकडे गेली, कोणाचा निष्काळजीपणा झाला, याचा शोध आम्हीं पुष्कळ घेतला. आतां तो सांगून उपयोग नाहीं. शाळेंत मुलांना "शतं वद, एकं लिख" हें वचन शिकविणाऱ्या मास्तरानें स्वतः एक अक्षर लिहून ठेवलें नाहीं, हा दोष आमचाच.

आज त्या पोथीचें काय उरलें? कालियामर्दनाच्या पानाच्या उजव्या कडेला आजोबांच्या अंगठ्याचा एक तेलकट डाग होता, एवढें आम्हांस स्वच्छ आठवतें. यमुनेचा रंग निळा होता कीं हिरवा याविषयीं आमच्यांत व आमच्या धाकट्या बंधूंत एकमत होत नाहीं. दोन स्मृति आहेत, पाठभेद आहे, आणि निर्णय देणारी प्रत नाहीं.

८. उपसंहार

यावरून वऱ्हाडांतील संग्राहकांस व चित्रकारांस आमची चार गोष्टींची विनंति आहे. पहिली, ज्याच्याकडे सचित्र पोथी, जुनें चित्र किंवा जुनें छायाचित्र असेल त्यानें त्याची पत्रसंख्या, माप व स्थिति आजच लिहून ठेवावी. उद्यां म्हणजे कधींच नाहीं. दुसरी, प्रत्येक पानाचें दोन्ही बाजूंनीं छायाचित्र घ्यावें, व शेजारीं मापाची पट्टी ठेवावी. तिसरी, त्या छायाचित्रांचा एक संच दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या छपराखालीं ठेवावा. अमरावतीचा अकोल्यास, अकोल्याचा यवतमाळास. चौथी गोष्ट चित्रकारांसाठीं, आणि ती पाठशोधनाच्या शास्त्रांतून घेतलेली आहे : नक्कल करितांना तुटलेलें तुटलेलेंच दाखवावें. जेथें मूळ रंग उडाला आहे तेथें स्वतःच्या कल्पनेनें भरूं नये, आणि भरलाच तर तो वेगळा ओळखूं येईल असा भरावा. नाहीं तर शंभर वर्षांनीं पाहणारास मूळ कोणतें व भर कोणती हें कळणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याच्या खोलींत पहिल्या दिवशीं जवळच्या गल्लींतील वीस-बावीस माणसें आलीं. त्यांत ज्यांच्या वडिलांच्या तसबिरी त्यानें केल्या होत्या अशीं कांहीं कुटुंबें होतीं. अजिंठ्याच्या नकलांखालीं त्यानें प्रत्येकीचें लेणें, भिंत व मूळची आजची स्थिति लिहून लावली आहे. लोणारच्या चित्रांची छायाचित्रें काढून तीं त्यानें अकोल्यास आपल्या एका मित्राकडे ठेविलीं, हें त्यानें आम्हांस न सांगतांच केलें. कोणी येणार कीं नाहीं हा प्रश्न त्यानें नंतर विचारला नाहीं.

शेवटीं वाचकांस एक प्रार्थना. लोणार, मेहकर, वाशीम, अचलपूर, बाळापूर किंवा गाविलगड येथील वास्तूंचीं एकोणिसाव्या शतकांतील छायाचित्रें वऱ्हाडांतील जुन्या घराण्यांच्या पेट्यांतून असण्याचा संभव आहे. तीं ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांचीं मापें व मागील बाजूचा मजकूर उतरून मंडळाकडे पाठवावा. मूळ वस्तु पाठवूं नये. ती आहे तेथेंच असूं द्यावी, व तिची प्रत पाठवावी.